छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त का द्यावा?

‘दोन रुपयांसाठी कशाला तोंड वाजवता?’ हे वाक्य आपल्या वस्तीतील प्रत्येक गृहिणीने कधी ना कधी ऐकलेले असते. कधी दुकानदार ऐकवतो, कधी मागे रांगेत उभे असलेले लोक ऐकवतात, तर कधी घरचीच माणसे. दुधाच्या पिशवीवर दोन रुपये जास्त घेतले, थंड पाण्याच्या बाटलीवर ‘कूलिंग चार्ज’ लावला, सुट्टे नाहीत म्हणून हातात दोन गोळ्या कोंबल्या, की आपण ते मुकाट्याने सोसतो. पण या दोन रुपयांचा हिशेब कोणी मांडत नाही. ज्या घरात रोज दुधाच्या दोन पिशव्या लागतात, तेथे पिशवीमागे दोन रुपये जादा गेले तर महिन्याला १२० रुपये आणि वर्षाला चौदाशेच्या वर रुपये होतात. एका मुलाच्या वर्षभराच्या वह्यांचा खर्च त्यातून निघतो. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

शिवाय प्रश्न केवळ पैशांचा नाही. तो स्वाभिमानाचा आहे. म्हणूनच आज आम्ही कुटुंबाच्या पानावर हा विषय घेतला आहे. जादा किंमत आणि खोटी जाहिरात यांबाबत कायदा काय सांगतो, तक्रार कोठे आणि कशी करावी, आणि आपल्यापैकी जे दुकानदार आहेत त्यांनी ग्राहकाची तक्रार कशी हाताळावी, या तिन्ही गोष्टी येथे सविस्तर सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ही भीड आली कुठून?

आपल्या आजी-आजोबांच्या काळी गावातील दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती. माल लांबून टाकला जाई, पैसे लांबून ठेवावे लागत आणि कित्येक ठिकाणी त्या नाण्यांवर पाणी शिंपडून मगच ती उचलली जात. अशा स्थितीत ‘भाव बरोबर आहे का, माप पुरे आहे का’ असे विचारणार कोण? मिळाले तेच खूप, अशी मनाची सवय झाली. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

ती सवय मोडण्याचे काम परमपूज्य बाबासाहेबांनी केले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो संघर्ष झाला, तो पाण्याच्या घोटापुरता नव्हता. सार्वजनिक जागी इतरांच्या बरोबरीने उभे राहण्याचा हक्क त्यात होता. पुढे हाच हक्क भारतीय संविधानात आला. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या वापरात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. तेव्हा भाव विचारल्याबद्दल कोणी जातीवाचक शब्द वापरला किंवा जात पाहून माल नाकारला, तर ती केवळ ग्राहकाची तक्रार राहत नाही. तेथे पोलिसांत फिर्याद द्यावी लागते आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही हाताशी आहे.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण अनेकदा विसरतो. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. परदेशी चलनात रुपयाचा दर काय, यापेक्षा त्या रुपयात बाजारात किती वस्तू येतात याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. किमती वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही आणि त्यात कष्टकरी भरडला जातो, ही त्यांची चिंता होती. मजुरीचा रुपया वाणसामानाच्या दुकानात गळत असेल, तर तो थांबवणे हेही त्यांच्या विचाराला धरूनच आहे असे आम्हांला वाटते.

छापील किंमत म्हणजे काय?

पाकीटबंद मालावर जी किंमत छापलेली असते, तिला कमाल किरकोळ किंमत म्हणतात. बोलताना आपण तिला एमआरपी म्हणतो. ‘कमाल’ म्हणजे जास्तीत जास्त. दुकानदार त्यापेक्षा कमी घेऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. या किमतीत सर्व कर आलेले असतात. म्हणून ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असे बिल कोणी दिले तर ते चुकीचे आहे. कपड्यांच्या दुकानात ‘५० टक्के सूट’ असा फलक लावायचा आणि बिलात सवलतीच्या किमतीवर पुन्हा कर लावायचा, ही युक्तीही चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये अशा प्रथेला अनुचित व्यापारी प्रथा ठरवले आहे.

वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार पाकिटावर काही गोष्टी छापणे बंधनकारक आहे. उत्पादक किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन किंवा माप, महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, या त्या गोष्टी. अलीकडे त्यात एककाचा भावही आला आहे. पाकीट एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमचा आणि जास्त असेल तर दर किलोचा भाव छापलेला असतो. भगिनींनी ही बारीक अक्षरे अवश्य पाहावीत. लहान पुडी स्वस्त की मोठे पाकीट स्वस्त, हे डोळ्यांनी ठरत नाही. कधी मोठे पाकीट परवडते, तर कधी लहान पुड्याच स्वस्त पडतात. एककाचा भाव पाहिला की फसगत होत नाही.

छापील किंमत खोडणे, पुसणे किंवा तिच्यावर जास्त किमतीची चिठ्ठी डकवणे यालाही नियमांत मनाई आहे. एकाच मालाच्या एकसारख्या पाकिटांवर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्याला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आली. थंड करून दिले म्हणून दोन रुपये जादा, रात्र झाली म्हणून पाच रुपये जादा, असे दुकानदाराला करता येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या दरांत मोठा बदल झाला. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या वेळी दुकानांत जुन्या छापील किमतीचा माल शिल्लक होता आणि त्यावरून गल्लोगल्ली वाद झाले. ‘पाकिटावर छापले आहे तेवढेच घेणार’ असे दुकानदार म्हणत, आणि ‘कर उतरला मग भाव का नाही’ असे ग्राहक विचारत. ग्राहकाचे विचारणे रास्त होते. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे. तेवढे घेतलेच पाहिजे असा हुकूम ती देत नाही. कर कमी झाला तर त्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला पाहिजे.

कोठे ग्राहकाची बाजू लंगडी पडते?

हक्क सांगताना मर्यादाही माहीत हवी, नाहीतर भर दुकानात आपलेच हसे होते. हॉटेलात किंवा उपाहारगृहात बसून पाण्याची बाटली मागवली आणि छापील किमतीपेक्षा जास्त लावले, तर तो गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी तसा निकाल दिला. तेथे आपण केवळ बाटली विकत घेत नाही, बसण्याची जागा आणि सेवाही घेतो, असे त्यामागचे कारण आहे.

सुट्या मालावर, म्हणजे भाजी, सुटे धान्य, मासळी यांवर छापील किंमत नसते. तेथे भाव आधी विचारून घ्यावा आणि लक्ष वजनावर ठेवावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घेणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याचे प्रमाणपत्र मागण्यास संकोच करू नये. काटा शून्यावर आहे का, आणि मिठाईच्या खोक्याचे वजन मिठाईच्या भावाने तर लागत नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते. पेट्रोल पंपावरही पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यातून मोजून दाखवावे लागते.

रंग आवडला नाही, मन बदलले, म्हणून माल परत घ्यावा असा कायद्याचा आग्रह नाही. पण माल सदोष निघाला तर मात्र गोष्ट निराळी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापून दुकानदार सुटत नाही. बिलात मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत, आणि दिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेण्यास नकार देणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

रेशनच्या धान्याची वाट वेगळी आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत दिले जाते. त्यासाठी कोणी हमाली, गाडीभाडे अशा नावाने पैसे मागितले किंवा वजनात कमी दिले, तर तक्रार ग्राहक आयोगाऐवजी तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात, करावी.

जाहिरातींचे जाळे

किमतीची फसवणूक निदान डोळ्यांना दिसते. जाहिरातीची फसवणूक मनात शिरते. आपल्या मुलींच्या सावळ्या रंगाला उणे ठरवून कित्येक कंपन्यांनी वर्षानुवर्षे मलमे विकली. गोरी झाली म्हणून नोकरी मिळाली, गोरी झाली म्हणून लग्न जमले, असेच त्या जाहिराती सांगत. देशभरातील टीकेनंतर २०२० मध्ये त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढावा लागला. नाव बदलले; पण आपल्या घरातील आरशापुढचा न्यूनगंड गेला का, हे प्रत्येक आईने स्वतःला विचारावे. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांचा रंग हा आपला रंग आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरे जाळे औषधांचे. मधुमेह मुळापासून घालवतो, कर्करोग बरा करतो, उंची वाढवतो, चरबी उतरवतो, असे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच मनाई आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरातही त्याच कायद्यात येते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवर चमत्काराचे दावे करून यंत्रे विकण्याच्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अशी यंत्रे येता कामा नयेत, हे आम्ही वेगळे सांगायला नको. तरीही ती येतात, हे दुःखाने नमूद करावे लागते.

तिसरे आणि आज सर्वांत महागडे जाळे म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांचे. आपली मुले अधिकारी व्हावीत यासाठी आईबाप कर्ज काढतात, दागिने मोडतात. फलकावर यशस्वी उमेदवारांचे हसरे फोटो असतात. पण त्यांतील कित्येकांनी त्या संस्थेत फक्त मुलाखतीची तयारी केलेली असते, पूर्ण वर्ग केलेला नसतो. ही गोष्ट लपवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक संस्थांना दंड केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने शिकवणी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. हमखास निवडीचा दावा करता येत नाही. यशस्वी उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम केला ते सांगावे लागते आणि निवड झाल्यानंतरची त्याची लेखी संमती असल्याशिवाय त्याचे नाव वा फोटो वापरता येत नाही. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा. या मुलाने तुमच्याकडे नेमके काय केले? आणि मध्येच शिक्षण सोडावे लागले तर किती रक्कम परत मिळेल? दोन्ही उत्तरे लेखी घ्या.

‘फुकट’ या शब्दापासूनही सावध राहावे. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्यासाठी पोहोचवण्याच्या अपरिहार्य खर्चाखेरीज पैसे मोजावे लागतात त्या वस्तूला फुकट म्हणता येत नाही. दुकानात पुरेसा साठा नसताना अगदी कमी भावाची जाहिरात करून गिऱ्हाईक ओढायचे आणि मग महाग वस्तू गळ्यात मारायची, यालाही त्या सूचनांत मनाई आहे. ‘अटी लागू’ ही मुंगीच्या पावलाएवढी अक्षरे मुख्य दाव्याच्या विरुद्ध जात असतील, तर तीही दिशाभूलच होय.

उधारीची बेडी

एवढे कायदे असूनही तक्रार का होत नाही? आम्ही वस्तीतील भगिनींशी बोललो की एकच उत्तर पुन्हा पुन्हा येते, आणि ते म्हणजे उधारी. ज्या दुकानात महिन्याचे खाते आहे, त्याच्याशी दोन रुपयांवरून वाद कसा घालायचा? त्याने उद्या खाते बंद केले तर मुलांच्या पोटात काय घालायचे? ही अडचण खरी आहे. तिला भित्रेपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

यावर दोन उपाय आहेत. एक, खात्याची वही आपल्याजवळही असावी. दुकानदाराने नोंद केली की तीच नोंद भावासह आपल्या वहीत मुलाकडून करून घ्यावी. वही बोलते तेव्हा भांडावे लागत नाही. दुसरा उपाय एकत्र येण्याचा. एकटी बाई बोलली तर ती ‘भांडकुदळ’ ठरते. महिला मंडळाच्या दहा जणींनी मिळून शांतपणे सांगितले, की ‘भाऊ, आम्ही छापील किमतीप्रमाणेच देऊ’, तर दहा खाती एकदम बंद करणे कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही. बचत गटातून महिन्याच्या किराण्यापुरते पैसे उचलून रोखीने, घाऊक भावाने माल आणून वाटून घेणे हा तर सर्वांत पक्का मार्ग. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हाच सामूहिक खरेदीचा मार्ग चालवला. आपल्या विहारातून तो का चालू नये?

तक्रार कशी करावी?

पहिली पायरी दुकानातच. आवाज न चढवता पाकिटावरची किंमत आणि बिलावरची किंमत शेजारी ठेवून दाखवावी. बहुतेक वाद येथेच मिटतात. मिटला नाही, तर पाकीट, बिल आणि शक्य असल्यास फलकाचा वा जाहिरातीचा फोटो जपून ठेवावा. ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याची नोंदही पुरावा आहे.

दुसरी पायरी दूरध्वनीची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो निःशुल्क असून मराठीतही बोलता येते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे व वजनमापातील फसवणूक यांसाठी राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाच्या जिल्ह्यातील निरीक्षकाकडे तक्रार करावी. खोट्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी करता येते, तशीच ती आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. हे प्राधिकरण जाहिरात बंद करू शकते आणि पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्यांवर आणि खेळाडूंवरही ते कारवाई करू शकते.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पूर्वी १९८६ च्या कायद्याखाली याला जिल्हा मंच म्हणत. माल घेताना दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. नाशिकचा माणूस दिल्लीच्या कंपनीविरुद्ध नाशिकलाच दाद मागू शकतो. संगणकावरूनही तक्रार भरता येते. निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त काळ लागतो, याची मनाची तयारी ठेवावी.

लहान रकमेची तक्रार आयोग ऐकतो का? ऐकतो. चंदीगड येथे एका ग्राहकाकडून पादत्राणांच्या एका मोठ्या कंपनीने कागदी पिशवीचे तीन रुपये घेतले होते. पिशवीवर कंपनीचीच जाहिरात होती. एप्रिल २०१९ मध्ये तेथील मंचाने तीन रुपये परत करण्याचा, ३,००० रुपये भरपाईचा आणि १,००० रुपये खर्चाचा आदेश दिला. मथुरेच्या एका प्रवाशाकडून १९९९ मध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर २० रुपये जादा घेतले गेले. त्याने बावीस वर्षे दावा लढवला आणि २०२२ मध्ये जिंकला. प्रत्येकाने बावीस वर्षे लढावे असे आम्ही म्हणणार नाही. पण वीस रुपयांनाही न्यायाच्या दारात किंमत आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

तक्रार अर्ज साधा असावा. नमुना असा :

‘प्रति, निरीक्षक, वैध मापन शास्त्र, जिल्हा …… विषय : छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम घेतल्याबाबत. महोदय, दिनांक …… रोजी मी …… या दुकानातून …… ही वस्तू घेतली. पाकिटावरील कमाल किंमत रु. …… असताना माझ्याकडून रु. …… घेण्यात आले. विचारणा केली असता दुकानदाराने …… असे उत्तर दिले. बिलाची व पाकिटाची प्रत सोबत जोडली आहे. योग्य ती चौकशी करून कारवाई करावी व तिची माहिती मला लेखी कळवावी. आपला / आपली ……’

दोन प्रती करून एकीवर पोच घ्यायला विसरू नये. बिल नसले, तर दुकानदाराने ते देण्यास नकार दिला हेही अर्जात लिहावे.

आपल्या दुकानदार बांधवांसाठी

आज आपल्यातही किराणा, मोबाइल, कपडे, औषधे यांची दुकाने काढणारे तरुण आहेत. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, जयंतीच्या दिवसांत ग्रंथांचे आणि मूर्तींचे स्टॉल लावणारे तर शेकडो आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

बौद्ध परंपरेत व्यापाराला कमी लेखलेले नाही. भगवंताचे पहिले दोन उपासक तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारीच होते. जेतवन दान देणारा अनाथपिंडिकही व्यापारी. मात्र सम्यक आजीविका म्हणजे काय हे स्पष्ट सांगितले आहे. दीघनिकायात खोटा तराजू, खोटा धातू आणि खोटे माप यांपासून दूर राहण्याचा उल्लेख येतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वैध मापन शास्त्राचा धडाच म्हणावा लागेल.

जातकात दोन फेरीवाल्यांची एक कथा आहे. एका पडत्या घरातील आजी-नातीकडे मळाने काळे झालेले जुने भांडे असते. पहिला फेरीवाला ते सुईने ओरखडून पाहतो. सोने आहे हे त्याला कळते, पण फुकटात मिळावे म्हणून ‘याला कवडीही येणार नाही’ असे म्हणून तो ते टाकून निघून जातो. दुसरा फेरीवाला येतो तेव्हा तो खरे सांगतो, की हे भांडे लाखमोलाचे आहे आणि माझ्याजवळचा सगळा माल दिला तरी त्याची किंमत भरणार नाही. आजी त्याच्याजवळ असेल तेवढ्यावर ते त्यालाच देऊन टाकते. लोभी परत येतो तोवर सोने गेलेले असते. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी या कथेत बाजाराचा कायमचा नियम आहे. गिऱ्हाईक शेवटी खरे बोलणाऱ्याकडेच जाते.

तेव्हा गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले, तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. आधी पुरते ऐकून घ्यावे. ‘आमच्याकडे असे होतच नाही’ हे पहिले वाक्य असू नये.

२. पाकीट, फळीवरची चिठ्ठी आणि बिल तिन्ही तपासावे. संगणकात जुना भाव राहून जाणे ही नेहमीची चूक आहे. फळीवर कमी आणि बिलात जास्त असे निघाले, तर कमी भावच धरावा.

३. चूक आपली असेल तर फरक तिथल्या तिथे रोख परत करावा, गोळ्या-चॉकलेट देऊ नये. त्या दिवशी इतर कोणाकडून जास्त घेतले गेले असेल, तर त्यांनाही बोलावून परत करावे.

४. चूक ग्राहकाची असेल तर चारचौघांत त्याला खाली पाहायला लावू नये. सवलत कोणत्या पाकिटावर आहे, मुदत कधी संपली, हे शांतपणे दाखवावे. मुदत संपलेला फलक त्याच रात्री काढावा.

५. तक्रारींची एक वही ठेवावी. एकाच मालाबद्दल तीन तक्रारी आल्या, तर दोष वितरकाकडे आहे का ते पाहावे.

लहान दुकानदाराची अडचणही आम्ही जाणतो. दुधावर कमिशन थोडे, फ्रिजचे वीजबिल मोठे. पण त्याची भरपाई गिऱ्हाइकाच्या खिशातून करणे हा मार्ग नव्हे. वस्तीतील दुकानदारांनी एकत्र येऊन वितरकाकडे कमिशन वाढवून मागावे. ग्राहकाने जसे संघटित व्हायचे, तसेच दुकानदारानेही.

आणि जाहिरात आपलीही खरी असावी. प्लास्टरची मूर्ती ‘संगमरवरी’ म्हणून, पितळेचा मुलामा ‘पंचधातू’ म्हणून विकणे, किंवा बाबासाहेबांच्या ग्रंथावरची छापील किंमत झाकून वर दुप्पट किमतीची चिठ्ठी डकवणे, हे कोणत्या शीलात बसते? न दिलेले घेऊ नये आणि खोटे बोलू नये, अशी दोन शीले आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. त्यांची खरी परीक्षा दुकानाच्या गल्ल्यावर होते. दूर खेड्यातून भाकरी बांधून आलेला माणूस श्रद्धेने एक ग्रंथ, एक मूर्ती घेऊन जातो. त्याला फसवणे म्हणजे आपल्याच चळवळीच्या मुळावर घाव घालणे आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्याच दिवशी, २५ डिसेंबरला, आपण मनुस्मृती दहनाचे स्मरण करतो. या दोन दिवसांच्या निमित्ताने प्रत्येक विहारात तासभर तरी या विषयाला द्यावा, अशी आमची सूचना आहे. बचत गटातील दोन शिकलेल्या मुलींनी पाकिटावरची अक्षरे कशी वाचायची हे आयाबायांना दाखवावे, वर दिलेल्या अर्जाचा नमुना भिंतीवर लावावा आणि महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर वस्तीतील तक्रारी लिहून घ्याव्यात. वस्तीतील दुकानदारांनाही तेथे सन्मानाने बोलवावे. याला निधी लागत नाही, मोठा पुढारी लागत नाही. एक वही, एक पेन आणि थोडी चिकाटी पुरे. पुढच्या वेळी कोणी ‘दोन रुपयांसाठी कशाला तोंड वाजवता’ असे म्हणाले, तर शांतपणे सांगावे, ‘दोन रुपये तुमच्यासाठी थोडे असतील तर परत करा. आमच्यासाठी ते घामाचे आहेत.’

जयभीम.